अठ्ठावन्न मिलिमीटरचा दट्ट्या

नोव्हाय, मिशिगन
१४ मे २००६

प्रिय मावशी,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण गेल्या आठवड्यात कॉफीचं मशीन उचलताना कंबर धरली. तेव्हा तूर्त उभ्यानेच.

हो, कॉफीचं मशीन. हसू नकोस. पंचेचाळीस वर्षं चहावर वाढलेल्या माणसाने एस्प्रेसोचं मशीन आणलं आहे, आणि आता त्याच्याच बाबतीत तुझा सल्ला हवा आहे. एकवीस वर्षांपूर्वी मी एमएस करायला ह्यूस्टनला आलो आणि पहिला महिना तुझ्या शुगर लँडच्या घरी काढला, तेव्हा तू रोज सकाळी एवढी मोठी किटली भरून कॉफी करायचीस. आमच्या घराण्यातली कॉफीतली एकमेव तज्ज्ञ तूच. शिवाय मराठीत आणि हाताने लिहिलंस तरच उत्तर देईन असं तू तेव्हाच बजावलं होतंस. म्हणून ईमेलच्या जमान्यात मी शाईने बोटं निळी करून बसलो आहे.

प्रश्न असा. या मशीनला दांडीवाली एक गाळणी असते, तिच्यात बसणारी एक छोटी वाटी असते. वाटीत कॉफीची पूड भरायची, वरून दाबून सपाट करायची आणि मग तिच्यातून गरम पाणी जाऊ द्यायचं. ज्याने दाबायचं त्याला टॅम्पर म्हणतात. मशीनबरोबर प्लॅस्टिकचा एक फुकट मिळाला आहे, तो हातात धरला की मी बाहुलीच्या भातुकलीत बसल्यासारखा दिसतो. इंटरनेटवर एक गृहस्थ आहेत, ते ऑर्डरप्रमाणे लेथवर बनवून देतात. स्टीलचा तळ, शिसवी मूठ. एकशे पस्तीस डॉलर. घ्यावा का?

प्रतिमाला विचारलं. ती म्हणाली, “दाबायला आणि यंत्र कशाला हवंय? तू आहेस की घरात.”

आता खरं सांगतो, कारण तू नाहीतरी काढून घेशीलच. आन्याला अ‍ॅन आर्बरला इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन मिळाली हे तुला कळवलं होतं. एप्रिलमध्ये तिने सांगितलं की अ‍ॅडमिशन वर्षभर पुढे ढकलली आहे आणि पाच ऑगस्टला ती शिकागोला चालली आहे, दोन मैत्रिणींबरोबर राहायला आणि कॉफी भाजण्याच्या एका कारखान्यात काम करायला. शनिवार-रविवारी ती इथल्या कॉफीच्या दुकानात काम करायची ते मी पॉकेटमनी समजत होतो. ती शिकत होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो. रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर कुणाला मराठी कळत नाही या भरवशावर चांगलं खणखणीत म्हणालो, “एवढी वर्षं इथे खपलो ते तू लोकांचे उष्टे कप विसळावेस म्हणून?” माझ्या मागे दोन माणसं सोडून आमच्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी चैत्राली उभी होती, हे नंतर समजलं. आन्याने माझ्याकडे पाहिलं, कागदी कप उचलला, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायला पेन काढलं आणि विचारलं, “कॅन आय गेट अ नेम फॉर दॅट, सर?”

मी म्हणालो, “अतुल.” तिने स्पेलिंगसुद्धा विचारलं.

त्याला पाच आठवडे झाले. घरात ती माझ्याशी ‘फाइन’ आणि ‘ओके’ एवढे दोनच शब्द बोलते. आज इथे मदर्स डे. सकाळी तिने नव्या मशीनवर प्रतिमाला कॉफी करून दिली, वर फेसाचं पान काढून. मी समोरच बसलो होतो. मला नाही दिली. मागितलीही नाही म्हणा.

तर मला वाटलं, आपण या कॉफीत जरा लक्ष घालावं. म्हणजे जाण्याआधी तिच्याशी बोलायला काहीतरी विषय होईल. पाच ऑगस्टपर्यंत बोलली नाही तर ती तशीच जाईल, आणि मग मी काय करणार?

टॅम्पर घ्यावा का ते कळव.

तुझा,
अतुल


शुगर लँड, टेक्सस
२३ मे २००६

अतुला,

आशीर्वाद. अंगठा दुखतो म्हणून ‘अनेक उत्तम’ वगैरे लिहीत नाही, पण तेवढे आहेत असं धरून चाल.

घेऊ नकोस. एकशे पस्तीस डॉलरचा दट्ट्या! माझ्याकडे चकलीच्या सोऱ्याचा पितळी दट्ट्या आहे, तो तुझ्या आजीपासून आजतागायत दाबतोच आहे, आणि त्याच्या मुठीला शिसवी लाकूड लावावं असं कुणाला कधी वाटलं नाही. चकल्या कुरकुरीतच झाल्या.

तज्ज्ञ म्हणून विचारतोस तर सांगते. कॉफीचा सगळा मामला पुडीत आणि पाण्यात असतो. कालच सकाळी दोन कप घेतले, काय सुरेख झाली होती! मी कसली दाबादाबी करत नाही.

वस्तू आणून मुलं बोलत नसतात रे. आमच्या कुशला लहानपणी ताज्या पावाचा वास फार आवडायचा म्हणून मी ब्रेड करायचं मशीन आणलं. तो सिअ‍ॅटलहून आला, एक तुकडा खाल्ला, गेला. मशीन गॅरेजमध्ये आहे, त्यावर विष्णूंच्या जुन्या टोप्या ठेवल्या आहेत. तुझे काका गेल्यापासून त्या टोप्यांना दुसरी जागाच सापडली नाही.

तू गप्प बैस आणि वाट बघ. तरुण मुलगी आहे, राग निवला की येईल आपणहून. कुशचं आणि माझंही मध्ये बिनसलं होतं. मी अवाक्षर काढलं नाही. आला की नाही स्वतः बोलायला? आता दर रविवारी फोन असतो.

इथे उकाडा सुरू झाला आहे. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलं तरी आंघोळ करावी लागते.

मावशी


नोव्हाय
११ जून २००६

प्रिय मावशी,

तुझा सल्ला शंभर टक्के पटला. तो मिळाला त्याच्या तीन दिवस आधी मी ऑर्डर देऊन बसलो होतो.

रागावू नकोस. विचारपूर्वक केलं आहे. निदान मोजून केलं आहे. तुला माहीतच आहे, मी पोटापाण्यासाठी भोकं मोजतो. इंजिनाच्या सिलिंडरचं भोक केसाच्या विसाव्या भागाइतकं जरी चुकलं तरी आमच्या मापनकक्षातून पुढे जात नाही. हाताखाली सहा माणसं आहेत, आणि त्यांना मी दर सोमवारी ‘मेझर ट्वाइस’ यावर व्याख्यान देतो. तेव्हा घरच्या वाटीचं माप मी तीनदा घेतलं, कामावरचा डिजिटल कॅलिपर आणून. मध्येच आन्या किचनमध्ये आली, मग मी कॅलिपर पाठीमागे लपवून फ्रिजकडे बघत उभा राहिलो. आयुष्यात कधी सिगरेट लपवली नाही, ते कॅलिपरवर भागलं. माप अठ्ठावन्न मिलिमीटर. तसं कळवलं आहे. बनवायला पाच आठवडे लागतात.

तोवर सराव चालू आहे. पूड बरोबर तीस पौंडांच्या जोराने दाबायची असते असं इंटरनेटवरचे जाणकार सांगतात. तो अंदाज हाताला यावा म्हणून ते बाथरूममधला वजनकाटा वापरतात. मीही सकाळी साडेसहाला काटा ओट्यावर ठेवतो आणि प्लॅस्टिकच्या टॅम्परने दाबतो. एकतीस, अठ्ठावीस, तीस. आकडे वहीत लिहितो, आलेख काढतो. प्रतिमा गाऊनमध्ये येऊन बघत उभी राहिली. म्हणाली, “अतुल, वजन तुझं कमी व्हायला हवं होतं.”

मागच्या शनिवारी माझ्या हातची एक कॉफी ओट्यावर मुद्दाम विसरून ठेवली आणि पेपराआडून पाहत बसलो. आन्याने कप उचलला, एक घोट घेतला, बाकीची सिंकमध्ये ओतली, कप नीट विसळून ठेवला. “फाइन,” म्हणाली. मी ‘उष्टे कप विसळावेस म्हणून’ असं ज्या हातांना म्हणालो होतो ते हात माझाच उष्टा कप विसळत होते. मला फार वाईट वाटलं. पण मी पेपर खाली घेतला नाही.

तू सांगितल्याप्रमाणे वाट बघतो आहे. या एका गोष्टीत माझा हातखंडा आहे. कुश आणि तुझं रविवारचं वाचून फार बरं वाटलं.

अतुल


शुगर लँड
२१ जून २००६

अतुला,

आशीर्वाद. चार ओळीच लिहिते.

दट्ट्या आला की कळव. कितपत जड आहे तेही लिही. उगाच उत्सुकता.

कुशबद्दल लिहिलंस, त्यावर जास्त काही सांगण्यासारखं नाही. त्याचं ठीक चाललं असावं.

वजनकाट्याचं वाचून बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले. शेजारच्या सुलेखाने कुंपणावरून विचारलं, काय झालं म्हणून. तिला सांगितलं, भाचा वाया गेला.

मावशी


नोव्हाय
९ जुलै २००६

प्रिय मावशी,

दट्ट्या आला. पाऊण शेराचा तरी असेल. मूठ अशी की हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नाही. आणि तो वाटीत जात नाही.

शुक्रवारी संध्याकाळी खोका उघडला, पूड भरली, तीस पौंडांची तयारी केली आणि टेकवला, तर तो वाटीच्या काठावरच बसला, झाकणासारखा. मी थोडा जोर लावला. मावशी, स्टीलच ते, ते काय दबणार! मग वाटी उलटीपालटी करून पाहिली तेव्हा उजेड पडला. अठ्ठावन्न हे काठाचं बाहेरचं माप होतं. आतलं त्रेपन्न. एकोणीस वर्षं भोकं मोजणाऱ्या माणसाने भोक सोडून भोवतालचं मोजलं. तीनदा. दर वेळी तंतोतंत तेच आलं, म्हणून मी खूशही झालो होतो.

तेवढ्यात आन्या आत आली. मी दट्ट्या लपवायला गेलो, पण एवढी जड वस्तू लपते कुठे! तिने माझ्या हातातून काढून घेतला, तळ पाहिला, मूठ पाहिली, मग वाटी पाहिली.

“धिस इज अ फिफ्टी-एट,” ती म्हणाली. “दॅट्स फॉर अ कॅफे मशीन. डिड यू ईव्हन मेझर?”

“तीनदा,” मी म्हणालो.

“बट यू मेझर होल्स फॉर अ लिव्हिंग!”

आणि ती हसायला लागली. ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मीही हसलो. मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत थांबली. नुसती थांबली, दोनेक सेकंद. तेवढ्यात म्हणायचं होतं. मला कळलं होतं की आत्ता म्हणायचं आहे, शब्द तोंडाशी आले होते.

आणि मी तिला आतला व्यास आणि बाहेरचा व्यास यांतला फरक समजावून सांगितला. टिश्यू पेपरवर आकृती काढून.

ती “ओके” म्हणाली आणि वर गेली.

ऑर्डरप्रमाणे केलेली वस्तू परत घेत नाहीत. दट्ट्या मायक्रोवेव्हवर उभा आहे. सत्तावीस दिवस उरले आहेत. तू म्हणतेस तशी वाटच बघत राहू ना?

तुझा गाढव भाचा,
अतुल


शुगर लँड
१७ जुलै २००६

अतुला,

नाही. वाट बघू नकोस.

मी तुला खोटं लिहिलं. कुश आपणहून आला नाही. दर रविवारी फोन नाही. पावणेदोन वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. विष्णू गेले त्यानंतर मी त्याला म्हणाले होते, तुला बापापेक्षा नोकरी मोठी झाली. तो विमानं बदलत अठरा तासांनी पोचला होता, तरी म्हणाले. मग तो गप्प झाला आणि मी वाट बघत बसले. आधी वाटलं, मी मोठी, मी का फोन करू? नंतर वाटलं, इतके दिवस झाले, आता काय तोंडाने करू? दोन्ही वेळा फोन जागच्या जागी राहिला. आणि हाच शहाणपणा मी तुला टपालाने पाठवला. पोरा, मला माफ कर.

सांगतेच आहे तर सगळंच सांगते. कॉफीसुद्धा मार्चपासून बंद आहे. डॉक्टरांनी बंद केली. तुला कॉफीतला सल्ला दिला तो बार्लीचं पाणी पीत दिला.

तुझी चूक वाटी मोजण्यात झाली नाही. माफी मागायची सोडून तू बाकी सगळं आणलंस, मशीन आणलंस, दट्ट्या आणलास, आलेख काढलास. ती दोन सेकंदं थांबली होती म्हणतोस. माझ्यासाठी कुणी थांबलं असतं तर मी काय दिलं असतं!

आता ऐक. घरात म्हणू नकोस. घरात तू पुन्हा आकृती काढशील. जिथे बोललास तिथेच जाऊन म्हण. त्याच दुकानात, रांगेत उभं राहून, मराठीत, आणि तेवढ्याच खणखणीत आवाजात. चारचौघांत दिलेला घरचा आहेर बंद खोलीत परत घेता येत नाही.

मीही आज कुशला फोन करणार आहे. इथे लिहून ठेवते म्हणजे करावाच लागेल.

मावशी

ता. क. केला. त्याच्या फोनच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, पण टूं वाजल्यावर सगळं विसरले आणि ‘मी आई बोलतेय’ एवढंच म्हणून ठेवला. अजून त्याचा फोन नाही.


नोव्हाय
६ ऑगस्ट २००६

प्रिय मावशी,

आधी तुझं. कुशचा मला फोन आला होता. “आईचा मेसेज आहे, फक्त ‘मी आई बोलतेय’ म्हणाली. इज शी सिक?” घाबरला होता. मी म्हणालो, तब्येत बरी आहे, तुझी वाट बघून बघून थकली आहे.  मग म्हणाला, आईचा नंबर डायल करून तीनदा फोन ठेवून दिला. आपल्या घराण्यात सगळं तीनदा करायची पद्धतच दिसते. हे पत्र मिळेपर्यंत त्याचा फोन येऊन गेला असेल. नसेल तर रविवारी दुपारी घराबाहेर पडू नकोस.

आता माझं. शाळा संपल्यापासून आन्या दुकानात रोजच जायची, आणि तिचा शेवटचा दिवस गुरुवारी होता. बुधवारपर्यंत मी रोज त्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडी वळवून परत आलो. गुरुवारी प्रतिमाने माझ्या खिशात दट्ट्या कोंबला आणि म्हणाली, “जा. आणि पेन घरी ठेवून जा.”

मी आणखी एक काम केलं होतं. चैत्रालीला फोन करून बोलावलं होतं. अपमान तिने ऐकला होता, तर माफीही तिने ऐकायला हवी, असा माझा हिशेब. ती मंडळाच्या अजून दोन बायकांना घेऊन आली. मला वाटतं, तिला हा मंडळाचा कार्यक्रम वाटला असावा.

रांग हळूहळू पुढे सरकली. खिशातल्या वजनाने पँट एका बाजूला घसरत होती, ती एका हाताने धरून मी काउंटरपाशी पोचलो. आन्याने वर पाहिलं. मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो. तूही विसरलीस, तेव्हा हा दोष तुझ्या बाजूचा.

“आन्या,” मी म्हणालो, आणि आवाज तेवढाच मोठा लागला, “मी इथे उभा राहून तुला जे बोललो ते चूक होतं. तुला चारचौघांत कमी लेखलं, त्याची मला लाज वाटते. तू चाललीस म्हणून मला भीती वाटत होती. भीती वाटली की मी एकतर ओरडतो, नाहीतर मोजायला लागतो. मला माफ कर.”

 मागच्या एका गोऱ्या आजोबांनी टोपी काढली, त्यांना बहुधा कुणीतरी गेलं असं वाटलं. चैत्राली रडत होती.  मी खिशातून दट्ट्या काढून काउंटरवर ठेवला. “हा इथल्या मशीनचा आहे,” म्हणालो. “मी चुकून तुझ्यासाठीच आणला होता.”

तिने तो उचलला, फडक्याने पुसला, दुकानातल्या मशीनची गाळणी काढली, पूड भरली आणि दट्ट्या वाटीत उतरवला. मावशी, तो असा अलगद आत गेला की माझ्यातल्या मोजणाऱ्या माणसाला भरून आलं. तिने एकदाच दाबलं. वजनकाटा नाही, वही नाही. मनगट सरळ, खांदा थोडा पुढे. हिला हे येतं, चांगलं येतं, आणि मी इतक्या महिन्यांत ते एकदाही पाहायला आलो नव्हतो.

“इट्स अ रिअली नाइस टॅम्पर,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. नाक लाल झालं होतं.

तिने कप उचलला, पेन काढलं. मी स्पेलिंग सांगायच्या तयारीत उभा. तिने काही विचारलंच नाही. लिहिलं आणि म्हणाली, “नेक्स्ट, प्लीज.”

मी बाजूला जाऊन थांबलो. इथे कॉफी तयार झाली की कपावरचं नाव पुकारतात. एक माइक झाला, एक जेनिफर झाली. मी ‘अतुल’ची वाट बघत होतो, म्हणून मला आधी कळलंच नाही. तिला दुसऱ्यांदा ओरडावं लागलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, तिच्या त्या अमेरिकन मराठीत:

“बाबा!”

काल तिला शिकागोला सोडून आलो. दट्ट्या तिच्या बॅगेत होता, मोज्यांमध्ये गुंडाळलेला. तेव्हा घ्यावा का म्हणून विचारलं होतं ना मी? घ्यावा. फक्त माप चुकवून घ्यावा.

तुझा,
अतुल